त्याच्या बाजूनं कोण बसणार

आमच्या घरी कुणी पाहुणं येणार म्हटलं की सासूबाई आधी विचारतात, "कुणापैकी?" लंडनच्या हाउन्सलोला येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण हा प्रश्न काही त्या नाशिकला ठेवून आल्या नाहीत. त्या दिवशी मी म्हटलं, "कुणापैकी नाही, आई. सातपुड्यातल्या एका गावच्या बाई आहेत. आदिवासी. आपल्या ट्रस्टकडे मदत मागायला येतायत." त्या म्हणाल्या, "मग तिखट चालतं का ते विचारून घे."

ट्रस्ट म्हणजे आमच्या मंडळींनी काढलेला. इथल्या हॉस्पिटलांत आयुष्य घालवलेले मराठी डॉक्टर, त्यांच्या ओळखीचे दोन-चार अकाउंटंट, आयटीवाले. गावाकडच्या शाळेला संगणक द्यायचे, कुठे विहिरीवर पंप बसवून द्यायचा, आणि त्याचे फोटो संक्रांतीच्या कार्यक्रमात पडद्यावर दाखवायचे. विश्वस्त पाचजण. माझा नवरा त्यांतला एक. मी विश्वस्त नाही. मी हॉलची किल्ली आणणारी, चहाचं बघणारी आणि मीटिंगचं इतिवृत्त लिहिणारी. या तिन्ही कामांना मतदानाचा हक्क नसतो.

या बाईच्या गावाचा अर्ज आला तेव्हापासून ट्रस्टमध्ये कुजबुज होती, कारण त्यात ना संगणक होता ना पंप. ग्रामसभेला गावात एक कायद्याची खोली चालवायची होती. बाहेरचा माणूस येऊन गावातल्या कुणाला मारतो, बाईच्या अंगावर हात टाकतो, तेव्हा तक्रार नीट लिहायला, साक्षीदारांना तालुक्याच्या कोर्टात नेऊन परत आणायला, वकील लावायला पैसे हवे होते. खोली वर्षभर त्यांनी स्वतःच्या वर्गणीवर चालवली होती आणि आता ती बंद पडायला आली होती. अध्यक्ष आणि खजिनदार बाई यांना हे पसंत नव्हतं. दोन तरुण विश्वस्तांना होतं. राहिला माझा नवरा, आणि त्यानं मला सांगितलं होतं की तो हो म्हणणार. मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवते.

बाई चाळिशीची होती. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठानं तिला परिसंवादाला बोलावलं होतं, आणि परतीचं विमान हीथ्रोहून म्हणून शेवटचे काही दिवस आमच्याकडे. निळी साधी साडी, वर कुणीतरी दिलेला पुरुषी कोट. आश्रमशाळेत शिकलेलं तिचं मराठी सरळ होतं, आमच्यासारखं इंग्रजीच्या कुबड्या घेऊन चालणारं नव्हतं. आल्या आल्या तिनं सासूबाईंना नमस्कार केला, माझ्या हातातला वांग्यांचा वाडगा काढून घेतला आणि चिरायला बसली. मला 'ताई' म्हणायला लागली. एवढ्यात ती घरातली झाली.

वांगी चिरता चिरता तिनं मला सगळं समजावून सांगितलं. "गावातल्या माणसानं हात उचलला तर गाव बसतं. लहान गोष्ट असली तर दंड होतो, माफी होते, मिटतं. मोठी असली तर गावच त्याला पोलिसांत देतं. पण बाहेरचा आला नि मारून गेला, तर आम्ही कुणाला बसवणार? तो म्हणतो, तुमची ग्रामसभा कोण मला विचारणारी? पोलीस म्हणतात तालुक्याला या. तालुक्याला गेलो तर म्हणतात वकील आणा. म्हणून ती खोली काढली."

"अशा किती केसेस असतात?" मी विचारलं. मीटिंगमध्ये हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं.

"मी एकच सांगते," ती म्हणाली. "माझ्या बहिणीची."

बहीण रस्त्याच्या कामावर जात होती. ठेकेदारानं तिला संध्याकाळी खोलीवर बोलावलं. ती नाही म्हणाली. त्यानं फावड्याच्या दांड्यानं तिला मारलं, कामावरच्या सगळ्या बायांच्या देखत. जबडा मोडला, एका डोळ्यानं दिसायचं गेलं. तो जामिनावर बाहेर आहे. पाहणाऱ्या बाया पुष्कळ होत्या, पण एकेक करत फिरत चालल्या होत्या. "कोर्टाची तारीख असली की आम्ही पहाटे चालत निघतो," ती म्हणाली. "त्याची जीप मात्र बायांना घ्यायला दारात येते. जीपमध्ये बसली की साक्ष फिरली. आता दोघीच राहिल्यात. पुढच्या तारखेला त्यांना आमच्या गाडीतून नेलं नाही तर केस गेली."

म्हणजे खोली चालली तर गाडी, गाडी असली तर साक्ष. इतकं सोपं होतं ते. मी मनातल्या मनात नवऱ्याचं मत मोजून ठेवलं आणि वांग्याला फोडणी घातली.

दुपारी सासूबाईंनी तिला टॅब्लेटवर लग्नाचे फोटो दाखवायला घेतले. आमच्याकडे येणाऱ्या कुणाचीच यातून सुटका नाही. गेल्या वर्षी नाशिकला घरातलं लग्न झालं, त्याचे शेकडो फोटो आहेत, आणि प्रत्येक फोटोत कोण कुणाचा कोण हे सांगण्यात त्यांचा जीव रमतो. मी चहा गाळत होते. बाई हूं हूं करत बघत होती. मग एका फोटोवर तिनं बोट ठेवलं.

"हा कोण, आजी?"

"हा माझ्या मोठ्या दिरांचा नातू. बाप लवकर गेला बिचाऱ्याचा. आमच्या ह्यानंच इथून पैसे पाठवून शिकवला. इंजिनियर केला."

"रस्त्यांची कामं घेतो?"

"हो तर. मोठा ठेकेदार झालाय. तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या बाजूला रस्ता केला त्यानं," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी टॅब्लेट परत दिला.

सासूबाई इतक्या खूश झाल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, कुणापैकी नाही म्हणत होतीस. निघालीच की ओळख."

मी चहा दिला. ती प्यायली, कपही विसळून ठेवला. सासूबाई आडव्या व्हायला गेल्यावर तिनं मला सांगितलं, आवाज न चढवता, की हाच तो. "मला माफ करा," असं काहीतरी मी पुटपुटले. ती म्हणाली, "तुम्ही कुठं मारलं?" आणि ओट्यावरची भांडी पुसायला लागली. मला वाटलं होतं ती निघून जाईल, किंवा रडेल, किंवा मला चार शब्द सुनावेल. त्यातलं काहीही सोपं गेलं असतं. ती आमचीच भांडी आमच्याच फडक्यानं पुसत होती आणि मला ओट्याखाली लपावंसं वाटत होतं.

नवरा हॉस्पिटलमधून आला तेव्हा त्याला मी कोटसुद्धा काढू दिला नाही. दार लावून सांगितलं. तो पलंगाच्या कडेवर बसला.

"नक्की तोच?"

"तिच्या बहिणीचा जबडा मोडलाय. ती चुकेल का ओळखायला?"

"साइटवर काहीतरी भांडण झालं आणि लेबरनं केस टाकली, एवढंच मला सांगितलं होतं," तो म्हणाला. म्हणजे केस आहे हे याला माहीत होतं. मला नव्हतं. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "उद्या मला कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट डिक्लेअर करावा लागेल. आणि तो आयटम चालू असताना बाहेर बसावं लागेल. चॅरिटीचा नियमच आहे तसा."

"तू बाहेर बसलास तर मतं दोन-दोन होतील. मग अध्यक्षांचं मत दोनदा धरतात. अर्ज पडेल."

"नियम मी केलेला नाही."

"नाही. पण तुला आवडलेला दिसतोय."

त्यानं उठून कोट कपाटात टांगला. बराच वेळ टांगत होता. माझा नवरा वाईट माणूस नाही. रात्रपाळीच्या नर्सला घरी सोडणारा, शेजारच्या म्हाताऱ्याचा कचरा बाहेर नेऊन ठेवणारा माणूस आहे. पण त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं जे दिसलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला त्याची लाज वाटली, आणि जेवताना बाईनं भाजीचं कौतुक केलं तेव्हा माझीही वाटली.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये कार्यक्रम होता. आधी बाजूच्या खोलीत विश्वस्तांची मीटिंग, मग मुलांचं लेझीम, मग बाईचं भाषण, मग जेवण. असा क्रम अध्यक्षांनी लावला होता. अध्यक्ष निवृत्त सर्जन आहेत. त्यांनी बाईला आधीच सांगून ठेवलं, "विषय थोडा लाइट ठेवा हं. मुलं असतात." खजिनदार बाईंनी विचारलं, "तुमचा ट्रॅडिशनल ड्रेस नाही का आणला? फोटोला छान दिसला असता." ती म्हणाली, "हीच साडी आहे." मी इतिवृत्ताची वही उघडून खाली बघत बसले.

मीटिंग सुरू झाली. अर्ज तिच्या गावचा म्हणून बाईलाही आत बसवलं होतं. पहिला विषय नेहमीचा: कुणाचे हितसंबंध असतील तर सांगावेत. दरवेळी आम्ही या ओळीपुढे 'नाही' लिहून पुढे जातो. त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं घसा साफ केला. "या अर्जातल्या एका केसमध्ये माझा एक डिस्टंट रिलेटिव्ह असू शकतो. सो मी बाहेर थांबतो."

ज्या मुलाला आम्ही पोटच्या पोरासारखं शिकवलं तो डिस्टंट झाला. मी तसंच लिहून घेतलं.

तो उठला तशी बाईनं विचारलं, "हे कुठं निघाले?"

अध्यक्षांनी समजावून सांगितलं. नातं असलं की निर्णयात भाग घ्यायचा नाही, इथे हे फार काटेकोरपणे पाळतात, वगैरे. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्याकडे उलटं आहे. ज्याचा माणूस असतो त्यानं बसायचंच. गुन्हेगाराच्या बाजूचं कुणी नसेल तर गाव बैठक सुरूच करत नाही. त्याच्या घरच्यानं सगळ्यांपुढं म्हणायचं, हा माझा आहे. मग जिला मारलं तिनं काय झालं ते त्याच्या तोंडावर सांगायचं आणि त्यानं ऐकायचं. तो उठला तर बैठक मोडली."

"इंटरेस्टिंग," अध्यक्ष म्हणाले.

माझा नवरा दाराशी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. मग त्यानं दार हळूच ओढून घेतलं, आत कुणाला त्रास होऊ नये इतकं हळू.

पुढचं भराभर झालं. कोर्टकचेरी आपल्या ट्रस्टच्या ऑब्जेक्ट्समध्ये, म्हणजे उद्दिष्टांत, बसत नाही. उद्या कुणी कॉन्ट्रॅक्टर आपल्यावरच उलटला तर? दुसरी बाजू आपल्याला माहीत नाही. तरुण विश्वस्तांपैकी एकजण तावातावानं बोलला, पण मतं दोन-दोन झाली आणि अध्यक्षांनी आपलं जास्तीचं मत टाकलं. मग वातावरण गोड करायला खजिनदार बाई म्हणाल्या, "आपण महिलांसाठी शिलाई मशीन देऊ या ना. ते नक्की बसतं." सगळ्यांना ते आवडलं. अध्यक्षांनी तिला विचारलं, "चालेल ना?"

ती म्हणाली, "मी एकटी हो-नाही म्हणत नाही. गावात विचारून कळवते."

त्यांना वाटलं ती संकोचानं बोलतेय. मग बाहेर लेझीम सुरू झालं म्हणून सगळे उठले. तिचं भाषणही झालं. रस्ता व्हायच्या आधी गावात कसं होतं ते तिनं सांगितलं, हलकंच ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तिच्याबरोबर फोटो काढले. माझा नवरा जेवणाच्या रांगेत उभा राहून सगळ्यांना पुऱ्या वाढत होता. त्याला काहीतरी करत राहायचं होतं, हे मला कळत होतं. पण म्हणून माझा राग उतरला नाही.

तिच्या निघण्याच्या दिवशी सकाळी आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो. नवरा कामाला गेला होता. मी थालीपिठं लावत होते, ती खात होती, आणि सासूबाईंचा फोन वाजला. नाशिकहून, त्या मुलाच्या आईचा. सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर आणि आवाज पूर्ण मोठा. तब्येत विचारून झाली, पाऊसपाणी झालं. आणि मग ती म्हणाली, "काकू, भाऊजींना सांगा, पैसे पोचले. या खेपेला मोठा वकील केलाय. तो म्हणतो आता दोघीच राहिल्यात, त्यांचंही बघून घेऊ. भाऊजींनी वर्षभर आधार दिला म्हणून निभावलं हो."

मी तवा खाली उतरवला. फोन बंद करायला हात पुढे केला, पण तोवर सगळं बोलून झालं होतं. सासूबाई म्हणत होत्या, "अगं, घरचाच आहे तो. करायलाच हवं."

आमच्या घरात लग्नापासून एक रीत आहे. कमाई एका खात्यात, पण त्याच्या घरी काय पाठवायचं ते तो बघतो, माझ्या माहेरी काय पाठवायचं ते मी. एकमेकांना विचारायचं नाही. या रीतीमुळे आमच्यात कधी भांडण झालं नाही, असं मी मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगत आले. तिच्या गावच्या खोलीला गाडी मिळाली नाही. ती जीप मात्र वर्षभर आमच्याच पैशांवर त्या बायांच्या दारात जात होती. माझा पगारही त्यात होता.

ती थालीपिठाचा तुकडा हातात धरून बसली होती. मग म्हणाली, "असं होय. आमच्या बाया विचार करायच्या, याला इतके पैसे पुरतात कुठून." आणि तुकडा खाल्ला. अन्न टाकायचं नाही म्हणून खाल्ला असावा.

सासूबाईंनी निघताना तिची ओटी भरली. ब्लाउजपीस, नारळ, तांदूळ. मला ते थांबवता आलं असतं तर बरं झालं असतं, पण थांबवायचं कोणत्या तोंडानं आणि त्यांना सांगायचं काय? तिनं पदर पुढे केला, वाकून नमस्कार केला. सासूबाई म्हणाल्या, "आता ओळख निघालीय, येत जा." ती हो म्हणाली.

गाडीत मी बोलत सुटले. नवऱ्याशी मी बोलणार, पैसे आजपासून बंद करायला लावणार, आणि तिच्या खोलीला मी माझ्या पगारातून देईन, ट्रस्ट गेला खड्ड्यात. दर महिन्याला देईन. तिनं मला बोलू दिलं. विमानतळाच्या वळणावर गाड्यांची रांग लागली होती, तिथे म्हणाली, "ताई, ते मी गावात काय म्हणून सांगू? मारणाऱ्याच्याच घरचे पैसे घेतले म्हणून? माझी बहीण ते घेईल का?"

खरं म्हणजे मला रडू येत होतं, पण तिच्यापुढे रडायचीही लाज वाटली.

"पैसे नकोत तुमचे," ती म्हणाली. "तुम्ही या. कोर्टाचं कोर्टात होईल, हरू नाहीतर जिंकू. पण गाव अजून बसलेलं नाही. त्याच्या बाजूनं बसायला कुणी येत नाही, म्हणून बहिणीला अजून कुणापुढं बोलताच आलेलं नाही. तुम्ही त्याच्या काकी ना? तुम्ही येऊन बसा. तिचं तोंड बघा आणि सगळ्यांपुढं म्हणा, हा आमचा आहे. तुम्हाला कुणी काही करणार नाही. जेवायला घालू."

पुढची गाडी हलली. मी गिअर टाकला. समोर टर्मिनलच्या पाट्या दिसत होत्या आणि ती माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत.

मी म्हटलं, "रजा मिळते का बघते."

तिनं मान हलवली, समजल्यासारखी. पोलीस, तालुका, वकील, ट्रस्ट, सगळ्यांकडे ती अशीच मान हलवून आली असणार. मग तिनं ओटीतला नारळ पिशवीत नीट बसवला आणि कोणत्या दारानं आत जायचं ते मला विचारलं.

नवऱ्यानं पैसे पाठवणं थांबवलं आहे, निदान तो तसं म्हणतो. तारीख होऊन गेली. त्या दोघींचं काय झालं ते विचारायला मी फोन हातात घेते आणि खाली ठेवते, कारण तिनं उचलला तर ती साक्षीबद्दल बोलायच्या आधी विचारेल, रजा मिळाली का. रजा माझी शिल्लक आहे. मी अजून मागितलेलीच नाही.